आधी कबुली शोधा

'साडी सुंदर आहे, पण महाग आहे.'

'साडी महाग आहे, पण सुंदर आहे.'

दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे. तरी पहिलं वाक्य ऐकलं की दुकानदार ती घडी बाजूला सारून दुसरी उलगडायला घेतो, आणि दुसरं ऐकलं की त्याचा हात पिशवीकडे जातो. गिऱ्हाइकाने 'घेते' किंवा 'नको' असं काहीच म्हटलेलं नसतं. निर्णय 'पण'ने सांगून टाकलेला असतो.

आकारिक तर्कशास्त्राला या दोन वाक्यांत फरक दिसत नाही. तिथे 'पण' आणि 'आणि' एकाच चिन्हाने लिहितात. दोन्ही बाजू खऱ्या असतील तर वाक्य खरं, नाहीतर खोटं. सत्य-असत्याच्या हिशेबात ते बरोबरच आहे. पण माणूस युक्तिवाद करतो तेव्हा खरं काय एवढंच सांगून थांबत नाही, त्या खऱ्यावरून कुठे जायचं तेही सांगतो. 'पण'च्या आधीची गोष्ट तो मान्य करतो आणि बाजूला ठेवतो. 'पण'च्या नंतरची गोष्ट हातात घेऊन पुढे जातो. बाजूला ठेवलेल्या त्या भागाला मी या लेखात 'कबुली' म्हणणार आहे. इंग्रजीत त्याला कन्सेशन म्हणतात, आणि एसटीच्या तिकिटातल्या सवलतीलाही तोच शब्द आहे. म्हणून काही भाषांतरांत 'युक्तिवादातील सवलत' असं वाचायला मिळतं. तो शब्द मला पटत नाही. इथे कुणी कुणाला सूट देत नसतो. समोरच्याचं एक म्हणणं खरं आहे, हे उघडपणे कबूल करत असतो.

मराठीत कबुली ओळखायच्या खुणा पुष्कळ आहेत. 'पण', 'परंतु', 'तरी', 'भले', 'मान्य', 'अर्थात', 'हे खरंच की'. 'पण'च्या बाबतीत वाक्यांचा क्रम बघावा लागतो, 'तरी'च्या बाबतीत नाही. 'महाग असली तरी घेऊ' म्हणा किंवा 'घेऊ, महाग असली तरी' म्हणा, 'तरी' ज्याच्या शेपटाला लागलंय तीच कबुली. वाचताना गोंधळ झाला तर ही एक खूण बहुतेक वेळा पुरते.

आता कबुली युक्तिवादात नेमकं काय काम करते ते पाहू. सोसायटीच्या सभेत कुणी म्हणतं: 'लिफ्ट बसवायची तर प्रत्येक घराला मोठी रक्कम भरावी लागेल, हे खरं आहे. पण वरच्या दोन मजल्यांवर साठीच्या पुढची माणसं राहतात, त्यांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार जिने उतरवावं लागतं. म्हणून लिफ्ट बसवली पाहिजे.' यात निष्कर्ष शेवटी आहे आणि आधार मधल्या वाक्यात. पहिलं वाक्य काय आहे? ते आधार नाही. खर्च मोठा आहे 'म्हणून' लिफ्ट बसवा असं कुणी म्हणणार नाही. ते निष्कर्षही नाही. ते तर उलट दिशेला ओढतं.

ते काढून बघा. निष्कर्षाला मिळणारा आधार तसूभरही कमी होत नाही. म्हातारी माणसं तिथेच आहेत, जिने तेवढेच आहेत. आधार असता तर तो काढल्यावर निष्कर्ष डळमळला असता. जीमॅटसारख्या प्रवेश परीक्षांत उतारा देऊन 'ठळक केलेल्या वाक्याची युक्तिवादातली भूमिका कोणती?' असं विचारतात, तेव्हा ही एक कसोटी लावली तरी निम्मे पर्याय गळतात. काढल्यावर निष्कर्ष लुळा पडला तर तो आधार. काढल्यावर निष्कर्ष आणखी सोपा वाटायला लागला तर ती कबुली.

मग जी काढल्याने काही बिघडत नाही ती ठेवायची कशाला? सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न खर्चाचा आहे, हे एक कारण. बोलणाऱ्याने तो स्वतःहून घेतला नाही, तर लोक त्याचं पुढचं ऐकतच नाहीत, आपला प्रश्न कधी विचारता येईल याची वाट बघत बसतात. हे कारण सगळे सांगतात. मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. कबुली दिली की वाद कशावर नाही ते ठरतं. खर्च मोठा आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं, तर दरपत्रकावर तासभर भांडायचं कारण उरत नाही. उरतो तो एकच प्रश्न: हा खर्च त्या गरजेपुढे किती जड? सभेचा वेळ तिथे जायला हवा. म्हणून कुठलाही युक्तिवाद वाचताना मी आधी कबुली शोधते. ती सापडली की तिच्या कडेकडेने चालत गेल्यावर खरा वाद सापडतो.

आहेच, असेलही, समजा आहे

सगळ्या कबुल्या सारख्या वजनाच्या नसतात. हा फरक मराठी क्रियापदाच्या शेपटातच दाखवते. 'महाग आहेच' ही पूर्ण कबुली. 'महाग असेलही' म्हणजे मी त्यावर भांडत नाही, खरं असलं तरी माझं काही बिघडत नाही. 'समजा, महाग आहे' म्हणजे मला ते मुळात मान्य नाही, पण तुमच्यासाठी घटकाभर धरून चालू. लेखक यातलं कुठलं शेपूट वापरतो त्यावरून त्याने किती जमीन सोडली ते मोजता येतं.

तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. तर्क आणि वाद यांचं प्राचीन शास्त्र म्हणजे न्यायदर्शन. त्याच्या मूळ ग्रंथात, गौतमाच्या न्यायसूत्रांत, सिद्धान्ताचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यातला चौथा 'अभ्युपगम सिद्धान्त'. एखादी गोष्ट न तपासताच मान्य करायची आणि तिच्या पुढच्या विशेषाची तपासणी करायची. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात उदाहरण दिलंय ते शब्दाचं, म्हणजे ध्वनीचं. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या मते शब्द हा गुण आहे, दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने असणारा. तो द्रव्य, म्हणजे स्वतंत्र पदार्थ नाही. समोरचा म्हणतो, द्रव्य आहे. मग नैयायिक म्हणतो: असू दे द्रव्य. पण ते नित्य की अनित्य, म्हणजे कायमचं की नाशवंत, ते सांग. गुण की द्रव्य हा वाद तिथेच थांबतो आणि ज्याच्यावर खरं मतभेदाचं ओझं आहे तो नित्यत्वाचा प्रश्न उघडा पडतो. वात्स्यायन पुढे म्हणतो की आपल्या बुद्धीची थोरवी दाखवायला आणि दुसऱ्याच्या बुद्धीची अवज्ञा करायला माणसं ही रीत वापरतात. तेही खरंच आहे. 'चल, तुझंच खरं धरू' हे वाक्य कुठल्या सुरात म्हटलं जातं ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. पंडितांत तर 'तुष्यतु दुर्जनः', म्हणजे दुर्जनाचं समाधान होऊ दे, असा न्यायच रूढ होता. तरी सूर कसाही असला, तरी युक्ती सच्ची आहे. तुमचं म्हणणं धरूनही तुमचा निष्कर्ष निघत नाही, हे दाखवणं म्हणजे तुमचं म्हणणं खोडण्यापेक्षा वरचं काम आहे.

कोर्टात ही रीत रोज चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली प्रतिवादी म्हणतो की दाव्यात लिहिलेला शब्द न् शब्द खरा धरला तरी दाव्याला कारणच घडत नाही, म्हणून दावा फेटाळा. त्या टप्प्यावर न्यायालय दाव्यातला मजकूर खरा धरूनच बघतं. तो अर्ज नामंजूर झाला, तर प्रतिवादी नंतर कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, तोच मजकूर 'खोटा व नाकबूल' म्हणू शकतो, कारण आधीची कबुली 'समजा'ची होती. उलट कैफियतीत एखादं विधान स्पष्टपणे नाकारलं नाही, तर आदेश ८ नियम ५ प्रमाणे ते मान्य केलं असं साधारणपणे धरलं जातं. तिथे गप्प राहणं म्हणजे 'आहेच'.

संविधान सभेतल्या चार कबुल्या

कबुली कशी द्यावी हे शिकायचं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची संविधान सभेतली दोन भाषणं समोर ठेवावीत. एक ४ नोव्हेंबर १९४८चं, घटनेचा मसुदा सभेपुढे मांडतानाचं. दुसरं २५ नोव्हेंबर १९४९चं, चर्चा संपतानाचं. दोन्हींत त्यांनी टीकाकारांचे आक्षेप एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक दिली. भाषणं इंग्रजीत झाली. इथे मी आशय मराठीत देते आहे.

आक्षेप होता की मसुद्यातला मोठा भाग १९३५च्या भारत सरकार कायद्यातून उचललाय. बाबासाहेब ते नाकारत नाहीत. उसनं घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मक्तेदारी नसते, म्हणून मी माफी मागत नाही, असं ते म्हणतात. घडलेली गोष्ट कबूल, तिला दिलेलं चोरीचं नाव नाकबूल. असं करताना घडलेलं आणि त्याचं नाव वेगळं करावं लागतं. आपण भांडताना बहुतेक वेळा ही दोन एकत्रच गिळतो किंवा एकत्रच थुंकतो.

लगेच पुढचं वाक्य त्यांनी असं म्हटलंय की वाईट याचंच वाटतं, की घेतलेल्या तरतुदी बहुतेक प्रशासनाच्या तपशिलाच्या आहेत. प्रशासनाच्या तपशिलाला घटनेत जागा नसावी, हे मला मान्य आहे, असंही ते म्हणतात. ही दुसरी कबुली तत्त्वाची आहे, नुसत्या घडलेल्या गोष्टीची नाही, आणि ती महाग आहे. तत्त्वच मान्य केलं तर मसुदा चुकला असं होत नाही का? म्हणून उत्तरही तेवढंच भारी लागतं. ते ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराच्या 'घटनात्मक नीती'कडे, म्हणजे घटनेच्या रीतींबद्दल मनात असणाऱ्या आदराकडे वळतात. ही नीती नैसर्गिक भावना नव्हे, ती जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. भारतातली लोकशाही ही मूळच्या अलोकशाही मातीवरचा वरवरचा थर आहे. घटनेला हात न लावता नुसतं प्रशासनाचं रूप बदलूनही घटना उलटी फिरवता येते. अशा स्थितीत प्रशासनाचं रूप ठरवायचं काम विधिमंडळावर सोडणं शहाणपणाचं नाही. तत्त्व बरोबर, पण ते लागू व्हायला जी जमीन लागते ती अजून तयार नाही. या उत्तराने तत्त्व खोटं ठरत नाही. ते पुढच्या काळासाठी राखून ठेवलं जातं. त्यातूनच 'लोकशाही हा वरवरचा थर' हे वाक्य आलं, जे आजही कुठे ना कुठे उद्धृत होतं. ते मूळ एका कबुलीला दिलेलं उत्तर आहे, हे मात्र उद्धृत करणारे क्वचितच सांगतात.

तिसरी कबुली खेड्यांची, आणि मला ती चौघींत सगळ्यात रेखीव वाटते. घटना ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राहायला हवी होती, असा आग्रह होता. त्यामागे मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचं वर्णन होतं: राजघराणी कोसळतात, क्रांत्या होतात, हिंदू, पठाण, मोगल, मराठे, शीख, इंग्रज पाळीपाळीने धनी होतात, पण खेडी तशीच राहतात. बाबासाहेब म्हणतात, सगळ्या उलथापालथीतून ती टिकली, हे खरं असेल. पण नुसत्या टिकण्याला किंमत नाही. प्रश्न आहे तो कुठल्या पातळीवर टिकली याचा.

'खरं असेल.' हे 'असेलही'चं शेपूट आहे. टिकणं खरं की खोटं यात ते एक शब्दही घालवत नाहीत. 'टिकली, म्हणून मोलाची' या वाक्यातला 'म्हणून' ते उचलतात आणि तोडतात. शिवाय मेटकाफच्याच वर्णनातलं वाक्य ते पुरावा म्हणून वापरतात: शत्रूचं सैन्य मुलखातून जातं तेव्हा ही खेडी आपली गुरंढोरं आवारात घेतात आणि शत्रूला न छेडता जाऊ देतात. ज्या उताऱ्याने खेड्यांची थोरवी सांगितली जायची, त्याच उताऱ्याने त्यांचा आपल्यापुरतं बघण्याचा स्वभाव दाखवला. प्रतिपक्षाचा पुरावा जसाच्या तसा मान्य करून त्यातूनच उलटा निष्कर्ष काढणं, याहून पक्की कबुली मला माहीत नाही.

चौथी वर्षभरानंतरची. २५ नोव्हेंबर १९४९ला केंद्राच्या अधिकारांबद्दल दोन आरोप त्यांनी समोर ठेवले. राज्यांच्या नगरपालिका करून टाकल्या, हा पहिला. तो त्यांनी फेटाळला: अतिशयोक्ती आहे आणि गैरसमजातून आलाय. केंद्राला राज्यांवर कुरघोडी करायचा अधिकार दिलाय, हा दुसरा. त्यावर त्यांचं वाक्य आहे की हा आरोप मान्य केलाच पाहिजे. आडपडदा नाही. हे 'आहेच'. मग दोन गोष्टी ध्यानात घ्यायला सांगतात: हे अधिकार रोजच्या कारभारासाठी नाहीत, फक्त आणीबाणीसाठी आहेत. आणि आणीबाणीत नागरिकाची निष्ठा शेवटी केंद्राकडेच असायला हवी, कारण सबंध देशाच्या हिताचं काम केंद्रच करू शकतं. शेजारीशेजारी उभ्या दोन आरोपांपैकी एक नाकारून एक कबूल केल्यामुळे त्या नाकारण्यालाही वजन येतं. जो सगळंच नाकारतो त्याचं नाकारणं ऐकणाऱ्याला मोजता येत नाही.

आणि पूर्ण कबुली दिली की उत्तराची सगळी मदार कशावर आहे ते उघड्यावर येतं. इथे ती मदार 'फक्त आणीबाणीत' या दोन शब्दांवर होती. आणीबाणी आहे की नाही हे ठरवणार कोण, हा प्रश्न २५ जून १९७५ नंतर देशाने अनुभवला. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून तिथे 'सशस्त्र बंड' घातलं, ते त्याच दोन शब्दांना बंदिस्त करण्यासाठी. कबुली मोकळेपणी दिलेली असली की नंतरच्या पिढीला डागडुजी नेमकी कुठे करायची ते सापडतं.

कबुली बिघडते तेव्हा

कबुलीच्या मागे उत्तर नसेल तर ते नुसतं भोक राहतं. 'खर्च मोठा आहे खरा, पण लिफ्ट हवीच' एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या हातात फक्त खर्च राहतो. दुसरी चूक म्हणजे समोरच्याचा सगळ्यात लेचापेचा आक्षेप निवडून तोच उदारपणे मान्य करणं आणि भक्कम आक्षेपाचं नावही न काढणं. तिसरी आपण सार्वजनिक माफीनाम्यांत नेहमी वाचतो: 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व.' जिथे 'दुखावल्या' म्हणायला हवं तिथे 'असतील तर' येतं. माफीला पूर्ण कबुली लागते. 'असेलही'वर तिचं भागत नाही.

न्यायशास्त्राने वादात हरल्याच्या बावीस खुणा मोजल्या, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली एक 'मतानुज्ञा' अगदी आपल्या ओळखीची आहे. माझ्यावर दोष ठेवला, मी तो दूर केला नाही, उलट 'तुझ्यातही तोच दोष आहे' म्हणालो. 'तुझ्या खात्यात घोटाळा आहे.' 'तुझ्या काळात काय कमी होते?' बोलणाऱ्याला वाटतं त्याने हल्ला परतवला. नैयायिक म्हणतात, त्याने कबुली दिली. स्वतःवरचा दोष त्याने न बोलता पत्करला, आणि तोही बदल्यात काही न मिळवता. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चा या एका कसोटीवर ऐकून बघा. किती जण आपल्या तोंडाने आपल्यावरचा आरोप मान्य करून उठतात ते मोजता येईल.

आणि एक चूक बोलणाऱ्याची नसते, वाचणाऱ्याची असते. चार्ल्स डार्विनने १८५९च्या आपल्या ग्रंथात, सिद्धांतातल्या अडचणींच्या प्रकरणात, असं लिहिलंय की डोळ्यासारखं इतकं बारीक रचनेचं इंद्रिय नैसर्गिक निवडीतून घडलं असं मानणं कमालीचं विचित्र वाटतं, हे मी मोकळेपणी कबूल करतो. तेवढं एक वाक्य कापून 'बघा, डार्विनलाच पटत नव्हतं' असं आजही सांगितलं जातं. पुढचं वाक्य कुणी वाचून दाखवत नाही. साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंत पायऱ्या दाखवता आल्या आणि प्रत्येक पायरी त्या जिवाच्या उपयोगाची असली, तर ही अडचण खरी राहत नाही, असं तो तिथे म्हणतो आणि मग त्या पायऱ्या दाखवायला घेतो. प्रामाणिक लेखक स्वतःविरुद्धचं सगळ्यात जोरकस वाक्य स्वतःच लिहून ठेवतो. ते कापून नेणं त्यामुळेच सोपं होतं. म्हणून कुणी कुणाचं एखादं धक्कादायक वाक्य पाठवलं की मी मूळ पानावर जाऊन एकच गोष्ट बघते: त्याच्या पुढे 'पण' आहे का.

खेड्यांचं पुढे काय झालं ते राहिलं. ४ नोव्हेंबरच्या भाषणाने संविधान सभेतले अनेक सदस्य दुखावले होते, आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखवलं. २२ नोव्हेंबर १९४८ला के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली: राज्य ग्रामपंचायती स्थापन करण्यासाठी पावलं उचलेल आणि त्यांना स्वराज्याचे घटक म्हणून काम करता यावं इतके अधिकार देईल. बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, ही दुरुस्ती मी स्वीकारतो. तोच आजचा अनुच्छेद ४०. आता वरची कसोटी लावून बघा, या कबुलीत काय दिलं आणि काय राखलं. पंचायती द्यायला संमती दिली. त्यांची जागा मार्गदर्शक तत्त्वांत झाली, जी न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. आणि मसुद्याने खेडं टाकून व्यक्तीला घटक मानलं याचा आनंद वाटतो, असं अठरा दिवसांपूर्वी ते म्हणाले होते, ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही. पंचायतींना घटनेत स्वतःचा भाग मिळाला तो १९९२च्या ७३व्या दुरुस्तीने, आणि तीत अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांसाठी जागा राखून ठेवलेल्या होत्या.